दर शनिवारी बिघडणारं इंजिन

आईवडिलांनी नाव ठेवलं प्रसन्न, आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकला. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींपैकी प्रसन्न शेटेला निवांत बसलेला कुणी पाहिलेलं नाही. विमान संध्याकाळचं असलं तर हा गृहस्थ सकाळीच एअरपोर्टवर जाऊन बसणार. शेगडी बंद केली की नाही हे बघायला पार्किंगमधून परत वर येणार, आणि खाली गेल्यावर दार ओढलं का म्हणून पुन्हा वर. मंडळाच्या गणपतीच्या जेवणात वाढायला उभा राहिला, तर पहिली पंगत बसायच्या आतच ‘वरण पुरेल ना?’ असं विचारून यजमानांच्या पोटात गोळा आणणार. नोकरीसुद्धा त्याला अगदी साजेशी मिळाली होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या. काळजी करायचा पगार घेणारा माणूस, असं मित्र त्याला तोंडावर म्हणायचे आणि तो ते निमूट ऐकून घ्यायचा.

अशा माणसाच्या आयुष्यात खरी काळजी येते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लोकांना वाटतं, हे तर याचं नेहमीचंच.

बायको स्वानंदी आणि तो वेगळे झाले त्याला आता बराच काळ लोटला होता. भांडाभांडी अशी झाली नाही. ती मुलीला घेऊन शेजारच्या केरी गावात राहायला गेली आणि हा मॉरिसव्हिलच्याच एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. मुलगी कादंबरी शनिवारी सकाळी बाबाकडे यायची आणि रविवारी संध्याकाळी आईकडे परत जायची. वकिलासमोर बसून दोघांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. कादंबरी बारा वर्षांची झाली की शनिवार कुठे घालवायचा, हे तिचं तिने ठरवायचं. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. तेव्हा ती लहान होती, बारा हा आकडा फार लांबचा वाटत होता आणि प्रसन्नने मोठ्या मनाने मान डोलावली होती. आता नोव्हेंबरात तिला बारावं पूर्ण होणार होतं आणि मान डोलावल्याचा त्याला रोज पश्चात्ताप होत होता.

ती का येईल, हा त्याचा प्रश्न होता. आईच्या घरी अंगण होतं, कुत्रा होता, कोपऱ्यावर मैत्रिणी होत्या. बाबाच्या घरी एक सोफा होता, आणि चटणी लावून केलेली डबलरोटीची सँडविचं. आपल्याकडे तिला यावंसं वाटेल असं काय आहे, याचा त्याने टेस्टिंगच्या शिस्तीने विचार केला आणि उत्तर काही चांगलं आलं नाही.

म्हणून वसंतात त्याने इंजिनाचा किट मागवला. चार सिलिंडरचं, अख्खं धातूचं, तळहातावर मावेल एवढं. पेट्रोल वगैरे काही नाही. बुडाशी बॅटरीवर चालणारी छोटी मोटर. ती एक गिअर फिरवते, गिअरमुळे क्रँकशाफ्ट फिरतो आणि पारदर्शक झाकणातून चारही पिस्टन वर-खाली होताना दिसतात. शेकडो बारीक तुकडे, आणि स्क्रू तर असे की शिंक आली तर उडून जातील.

कादंबरीला ते पहिल्याच दिवशी आवडलं. तिचे हात बारीक आणि नजर पक्की. प्रसन्न चिमट्यात स्क्रू धरून देणार आणि ती ॲलन की, म्हणजे स्क्रू पिळायची षटकोनी किल्ली, फिरवणार, अशी वाटणी आपोआप झाली. अधूनमधून ती ओठ मुडपून म्हणायची, “बाबा, डोन्ट ब्रीद.” तो खरोखर श्वास रोखून धरायचा. एरवी ती फोनवर असायची आणि तो स्वयंपाकघरात. आता शनिवारची दुपार दोघं एकाच टेबलाशी, डोक्याला डोकं लावून बसू लागली. कधीकधी ती न विचारता शाळेतलं काही सांगायची. प्रसन्नच्या आयुष्यातले ते बरे दिवस होते, आणि बरे दिवस आले की त्याला ते संपण्याची धास्ती लागायची.

उन्हाळ्याच्या अखेरीला इंजिन पूर्ण झालं. तिने बटण दाबलं, पिस्टन झुलायला लागले, पुढचा इवलासा पंखा गरगरला. दोघांनी टाळ्या दिल्या. आणि लगेच, अगदी सहज, कादंबरी म्हणाली, “सो वुई आर डन. नेक्स्ट वीकेंड मी अदितीकडे स्लीपओव्हरला जाऊ? आई म्हणाली, तुला विचार.”

प्रसन्न “हो, जा की” म्हणाला. आवाज नीट आला. तो पाणी प्यायला उठला आणि तेवढ्यात मागे आवाज बदलला. मोटर घुंईं करत होती, पिस्टन मात्र जागच्या जागी. गिअर शाफ्टला धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू सैल पडला होता. मोटर फिरत होती आणि शाफ्टपर्यंत काही पोचत नव्हतं.

“नो वे,” कादंबरी म्हणाली. तिने बाह्या वर केल्या. “अदितीकडे नंतर जाईन. आधी हे फिक्स करायचं.”

नेमका तोच स्क्रू सैल आहे हे सापडायला तो दिवस आणि पुढचा शनिवार गेला. त्या दोन दिवसांत प्रसन्नला जे कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. इंजिन चालू असलं की मुलगी मोकळी होते, बंद पडलं की थांबते.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसातून आल्यावर त्याने टेबलावरचं ते चालतं इंजिन उचललं, मागचं झाकण काढलं, आणि तोच स्क्रू अर्धा आटा सैल केला. झाकण परत लावलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस घरी येऊन स्वतःच्या हाताने चूक पेरत होता. मध्येच उठून त्याने दाराचं कुलूप दोनदा तपासलं. हे एकदाच, असं त्याने स्वतःला बजावलं.

शनिवारी इंजिन चाललं, आणि दोन मिनिटांत घुंईं करत बसलं. कादंबरी वैतागली, पण बसली. दुपारभर दोघांनी शोधलं. त्याने उपमा केला, तिने तो टेबलावरच खाल्ला. संध्याकाळी बिघाड सापडला तेव्हा तो इतका हसला की ती त्याच्याकडे बघतच राहिली.

एकदाच म्हणता म्हणता त्याला चटक लागली. कधी गिअरचा स्क्रू, कधी बेल्टची कडी, कधी मोटरची तार. आठवड्याच्या मधल्या कुठल्यातरी संध्याकाळी तो पडदे ओढून बसायचा, जसा काही घरात चोरीचा माल आहे. शेजारच्या घराचं दार वाजलं तरी इंजिन टॉवेलखाली सरकवायचा. आणि शनिवारी सकाळी तिची पावलं जिन्यावर वाजली की दोन काळज्या एकदम यायच्या. आज तिला कळलं तर? आणि आज ती आलीच नाही तर?

हळूहळू एक बदल होत होता. काळजीचा धंदा करणाऱ्या या माणसाच्या नजरेतून तो निसटला, कारण त्याची सगळी काळजी चुकीच्या दिशेला तोंड करून बसली होती. कादंबरी आता ओठ मुडपून काम करत नव्हती. स्क्रू पिळून झाला की ती तो पुन्हा तपासायची, मग परत. एकदा तिने ॲलन की त्याच्यासमोर सरकवली. “यू डू इट. मी लावलं की सुटतं.”

“अगं, होतं असं,” तो म्हणाला. “मशीन आहे ते.”

“मशीन सुटत नाही बाबा. लावणारा नीट लावत नाही.”

हे वाक्य त्याचंच होतं. पहिल्याच दिवशी त्याने तिला ते ऐटीत शिकवलं होतं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. अमेरिकेत सगळे सण सोयीने शनिवारी येतात, तशी तीही शनिवारी आली. प्रसन्नच्या वडिलांची कराडला पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला ते गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायचे, जात्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे, आणि त्या दिवशी गावातल्या कुणाचंही दळण घ्यायचे नाहीत. पूजा झाली की यंत्राला विश्रांती. प्रसन्नने ही गोष्ट मुलीला सांगितली, आणि सांगताना मनात खूश झाला. आता इंजिन न चालवायला देवाधर्माचं कारण मिळालं होतं.

कादंबरीला पूजा आवडली. आदल्या आठवड्यात तिने इंजिन सगळं घट्ट करून ठेवलं होतं. आता पाटावर लॅपटॉप, तिची ॲलन की, बाबाच्या गाडीची किल्ली आणि मधोमध इंजिन. झाकण उघडून ठेवलं होतं. धातूवर कुंकू टिकेना, म्हणून त्याने वाटीत पाण्याचे दोन थेंब घालून दिले. तिने करंगळीच्या टोकाने एकेका स्क्रूवर ठिपका लावला. ठिपका अगदी बारीक; गिअरच्या स्क्रूवरचा तर अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा शेजारच्या गिअरवर बसला. “आता हे सुटणार नाही,” ती म्हणाली. कुणाशी बोलली कळलं नाही. देवाशीच असावी.

रविवारी अदितीचा वाढदिवस होता म्हणून ती लवकर गेली. इंजिन पुढच्या शनिवारी सुरू करायचं ठरलं. आणि बुधवारी, कुंकवाच्या ठिपक्यासकट, प्रसन्नने तो स्क्रू पुन्हा सैल केला. कुलूप तपासायलाही आता तो उठला नाही.

गुरुवारी स्वानंदीचा फोन आला. दोघं फोनवर कामापुरतं बोलत. ती म्हणाली, “तुला एक विचारायचं होतं. कादंबरीने शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये रोबो जोडायच्या कामातून नाव काढून घेतलंय. कोचची ईमेल आली. पोस्टर बनवणार म्हणे.”

“पोस्टर? का?”

“तेच तर. मी विचारलं तर म्हणाली, आय ब्रेक थिंग्ज. बाबाच्या घरी मी जे लावते ते सगळं सुटतं, टीमचं वाट्टोळं कशाला करू. रडली रे काल. मला वाटलं, तुला माहीत असेल काय झालं ते.”

प्रसन्नने “बघतो” म्हटलं आणि फोन ठेवला. मग तो खुर्चीत बसला तो बसलाच. मुलगी हातची जाईल म्हणून जे जे केलं, त्याने तिचे हातच काढून घेतले होते. आजवर त्याने हजार काल्पनिक संकटांना तोंड दिलं होतं. विमान चुकणं, वरण संपणं, शेगडी पेटती राहणं. खरं संकट त्याने स्वतः टेबलावर बसून तयार केलं होतं. त्याला शरम वाटली.

उठून त्याने स्क्रू घट्ट करायला घेतला. स्क्रू फिरला, आणि फिरतच राहिला. इतक्या वेळा सैल-घट्ट केल्यावर आटे झिजून गेले होते. आता तो घट्ट होणारच नव्हता. शुक्रवारी ऑफिस बुडवून तो पार राले शहरापर्यंतची दुकानं धुंडाळून आला. तेवढा बारीक स्क्रू कुठेच नव्हता. इतके दिवस इंजिन बिघडल्याचं नाटक होतं, आता ते खरंच बिघडलं होतं.

तिला सांगायचं, हे त्याने ठरवलं होतं. आंघोळ करताना वाक्यं जुळवून पाहिली. पण सांगितलं की ती जाणार, नोव्हेंबरात तर जाणारच, हेही त्याला लख्ख दिसत होतं. आणि पुसट झालेला तो ठिपका तसाच ठेवायचं धाडस त्याला होईना. सांगायचं तर आहेच, पण तोवर कुंकू तरी लावून ठेवू, असं म्हणून त्याने वाटीत पाणी घेतलं आणि आपल्या बोटाने एक ठिपका लावला.

शनिवारी कादंबरी आली. बूट काढले, पाणी प्यायली, खुर्ची ओढून बसली. बटणाकडे तिचा हात गेलाच नाही. ती वाकून झाकणाच्या आत बघत राहिली. प्रसन्न ओट्याशी पोहे परतत होता, आणि पोहे लागत होते हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे मी नाही लावलं.”

“काय?”

“कुंकू. माझा डॉट एवढा मोठा नव्हता.” तिने नखाने दाखवलं. नव्या जाड ठिपक्याच्या बाजूला, गिअरवर, तिचा जुना अर्धा ठिपका तसाच उभा होता. त्याचा जोडीदार अर्धा भाग समोर नव्हता. स्क्रू फिरला होता. “समबडी ओपन्ड इट.”

घरात कुंकवाची वाटी एकच, आणि किल्ली असलेला माणूसही एकच.

“मी,” प्रसन्न म्हणाला. आंघोळीत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. “मी सैल केला.”

तिने मान वर केली. “या वेळी?”

“पहिल्या वेळी आपोआप सुटला होता. त्यानंतरचे सगळे मी केले. तू लावलेलं एकदाही सुटलं नाही. एकदाही नाही.”

“मी सगळं बरोबर लावलं होतं?”

“हो.”

“एव्हरी टाइम?”

“हो गं.”

पोह्यांचा करपट वास खोलीभर झाला होता. त्याने शेगडी बंद केली. वळून पाहिलं तर ती दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे पाहत होती आणि डोळ्यांतलं पाणी टपटप टेबलावर पडत होतं. त्याने जवळ जायला पाऊल उचललं.

“डोन्ट,” ती म्हणाली. मग फोन उचलून आईला म्हणाली, “मला घ्यायला ये.”

स्वानंदी येईपर्यंत कादंबरी बूट घालून दाराशी जिन्यावर बसून होती. प्रसन्न आत टेबलाशी. दार उघडंच होतं. स्वानंदी आली, दोघांचे चेहरे पाहून थबकली. कादंबरी म्हणाली, “आय डिडन्ट ब्रेक इट. बाबाच सैल करायचा.” स्वानंदीने प्रसन्नकडे पाहिलं. काही चांगलं ऐकायला मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

“तू सांगितलंस, की तिने पकडलं?” तिने विचारलं.

मी सांगितलं, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

“तिने पकडलं,” तो म्हणाला.

स्वानंदीने पर्समधून किल्ली काढली. गाडी काढते म्हणून खाली गेली. कादंबरी तिच्या मागे दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

“व्हाय?” तिने वळून विचारलं.

आयुष्यभर हा माणूस काळजी नको तिथे बोलून दाखवत आला होता. खरी काळजी बोलायची वेळ पहिल्यांदाच आली होती. “नोव्हेंबरनंतर तू ठरवणार ना, यायचं की नाही,” तो म्हणाला. “इंजिन पूर्ण झालं की तू येणार नाहीस, असं वाटायचं मला. बिघडलं की यायचीस.”

कादंबरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो एखाद्या परक्या भाषेत बोलत होता.

“बाबा, मला ते इंजिन कधीच बोअर झालं होतं,” ती म्हणाली. “समरमध्येच. मला सारखं फिक्स करायला अजिबात आवडत नव्हतं.”

“मग करायचीस कशाला?”

“बिकॉज ते बिघडलं की तू खूश असायचास,” ती म्हणाली. “दुसऱ्या कशानेच नसायचास.”

खालून गाडीचा हॉर्न आला, हलकासा. ती उतरू लागली. पुढच्या शनिवारी येशील का, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण विचारायचा हक्क आता आपल्याला आहे असं त्याला वाटेना. तो कठड्याला धरून उभा राहिला. ती खालच्या वळणावर पोचली आणि वर न बघताच बोलली.

“पुढच्या शनिवारी टेबलावर काही ठेवू नकोस. मी आले की आपण नुसते बसू.”